कुठवर आलास?

सुरतेत पर्वत पाटिया नावाचा एक चौक आहे. नाव ऐकून गावाकडून आलेला पाहुणा हमखास मान वर करून बघतो. पण इथे पर्वत तर सोडाच, डोळ्यांत भरेल असे टेकाडसुद्धा नाही. पर्वत हे इथल्या जुन्या गावाचे नाव. आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी उभी असते ती जागा. आपण जिला फाटा म्हणतो तीच. आपल्याला रस्ता फुटलेला दिसला म्हणून आपण फाटा म्हणालो. गुजराती माणसाने पाटी वाचली आणि तो पाटिया म्हणाला. दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्यांना अशा गमती टिपण्याचा छंदच जडतो.

आता ते गाव शहरात विरघळून गेले आहे. आजूबाजूला गोडादरा, लिंबायत, डिंडोली अशा वस्त्या आहेत आणि तिथे भाजीच्या गाडीवर घासाघीस चालते ती निम्मी गुजरातीत आणि निम्मी अहिराणीत. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे लूम, डाइंगच्या मिली आणि कापड मार्केट यांच्या आधाराने इथे आली आणि रुजली. मीही त्यांतलाच. मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी तीसेक वर्षे गेली. या चौकातून पूर्वेला निघालेला रस्ता कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी करीत कोंडाईबारीचा घाट चढतो आणि साक्रीवरून धुळ्याला पोहोचतो. बारडोलीपुढे सरकारदप्तरी त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. आम्ही त्याला नुसते 'गावाकडचा रस्ता' म्हणतो. आखाजीला, कानबाईच्या रोटांना आणि दिवाळीला अर्धी वस्ती त्याच रस्त्याला लागते.

संध्याकाळी सातच्या सुमारास या चौकात जरा उभे राहून पाहावे. मार्केट सुटलेले असते. साड्यांची पार्सले लादलेले टेम्पो, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये गठ्ठा दाबून स्कूटर हाकणारी पोरे, रिक्षा, राखीव मार्गिकेतून येणारी बीआरटीएसची बस. सगळ्यांना एकाच क्षणी पुढे जायचे असते. ही गर्दी मला नवी नाही. नवी आहे ती माणसांची मान. कोणाची खांद्याकडे कललेली असते, कारण कान आणि खांदा यांच्या चिमट्यात फोन धरलेला असतो. कोणी तो हेल्मेटात खोचलेला असतो. डोके वाचवायला घेतलेली वस्तू अशी फोन अडकवायच्या कामी येते. कोणाची मान खाली, हँडलवर बसवलेल्या पडद्याकडे. सिग्नल लाल झाला की एकजात सगळ्या माना खाली जातात, देवळात नमस्काराला वाकाव्यात तशा. आणि हिरवा झाला तरी मागचा भोंगा वाजेपर्यंत वर येत नाहीत.

काय बोलत असतात ही माणसे? कानावर पडते ते ऐकले तर करमणूक होते. पलीकडून विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. कोणाला तो 'क्यां पहोंच्यो?' असा येतो, कोणाला 'कहाँ पहुँचा?' असा, कोणाला 'कुठवर आलास?' असा आणि आमच्या गल्लीत 'कोठे शे रे भाऊ?' असा. उत्तरही एकच असते: 'बस, पर्वत पाटिया!' हे उत्तर देणारा खरोखर पाटियावर असेलच असे नाही. सहारा दरवाज्याच्या गर्दीत अडकलेला माणूसही पाटियावर पोहोचल्याचे बिनदिक्कत सांगतो. घरी चहा टाकला जावा एवढाच त्याचा हेतू असतो.

या थापेचे हसू येते. प्रश्नाचे मात्र अलीकडे भय वाटू लागले आहे. गाडी चालवताना फोनवर बोलणे ही आपण उनाड पोरांची सवय समजतो. गाणी, व्हिडिओ, स्वतःचे चित्रण, हे सगळे आहेच आणि त्याबद्दल वर्तमानपत्रे लिहितच असतात. पण माझ्या ओळखीच्या घरांतून मी जे पाहत आलो ते वेगळे आहे. गाडीवर वाजणारे कितीतरी फोन घरूनच आलेले असतात. ते आईचे असतात, बायकोचे असतात, गावी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बापाचे असतात. ते काळजीने केलेले असतात.

ही काळजी आजची नाही. फक्त तिला पूर्वी वाहन नव्हते. मी सुरतेला आलो तेव्हा गावाहून निघालेला माणूस पोहोचला की नाही हे कळायला पोस्टकार्ड येईपर्यंत थांबावे लागे. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, पण गावात फोन असायचा एखाद्याच घरी. निरोप मिळायला संध्याकाळ व्हायची. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची घबराट पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. मिळेल त्या एस.टी.ने, ट्रकने, आगगाडीच्या दारात लटकून लोक गावाकडे धावले. मी घरी पोहोचलो तिसऱ्या दिवशी. तीन दिवस आईला माझा ठावठिकाणा नव्हता. मी ओट्याशी आलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, 'जेवना का रे?' पुढे ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि फोन मुके झाले. तेव्हाही गावाकडची घरे दिवसेंदिवस नुसती वाट पाहत राहिली.

ते दिवस चांगले होते असे मी म्हणणार नाही. तसे थांबणे जिवावर येई. भारतात मोबाइल फोनवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत हे थांबणे बहुतेक घरांतून संपले. ती सोय मोठीच झाली. दवाखान्यात नेलेल्या माणसाची खबर त्याच घटकेला मिळते, हे काही थोडे नाही. पण सोय आली तशी सोसण्याची ताकद गेली. तीन दिवस धीर धरणाऱ्या आईच्या लेकरांना आता तीन तास धीर निघत नाही. मुलगा सुखरूप पोहोचावा म्हणून जीव टांगणीला लागतो, म्हणून आपण फोन करतो. आणि नेमका तो फोन त्याच्या सुखरूप पोहोचण्याच्या आड येतो.

आड येतो म्हणजे किती, याचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने हिशेब मांडावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर तोडते. खिशातून फोन काढून कोणाचा आहे हे पाहायला पाच सेकंद धरले, तर तेवढ्यात ती त्र्याऐंशी मीटर पुढे गेलेली असते. सुरतेच्या माणसाला मीटर सांगायचे तर साडीत सांगावे. साडेपाच मीटरची एक, अशा पंधरा साड्या रस्त्यावर एकीपुढे एक अंथराव्यात आणि डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांवरून मोटारसायकल न्यावी. असे कोणी करायला सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण फोन वाजला की आपली शहाणी मुले तेच करतात.

यावर आमच्याकडची पोरे म्हणतात, 'काका, आम्ही हातात धरतच नाही, कानात लावतो.' हातात न धरणे बरेच आहे, निदान दोन्ही हात हँडलवर राहतात. पण एवढ्याने भागत नाही असे या विषयाच्या अभ्यासकांचे सांगणे आहे. कॅनडातील टोरंटो येथे डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण शोधले. बोलणाऱ्याचे डोळे रस्त्यावरच असतात, पण समोरची वस्तू मनापर्यंत पोहोचत नाही. आपल्या बायका म्हणतात ना, 'बघतोय माझ्याकडे, पण लक्ष कुठे आहे कुणास ठाऊक', तोच हा प्रकार.

याच विद्यापीठातला २००८ सालचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. चालकांना सांगितले होते की अमुक एका फाट्याला वळायचे. काही जण शेजारी बसलेल्या मित्राशी बोलत होते, काही जण फोनवर. शेजाऱ्याशी बोलणारे बहुतेक जण बरोबर वळले. फोनवर बोलणाऱ्या बऱ्याच जणांचा फाटा चुकला. बोलणे तर दोघांचेही चालू होते. मग फरक कशाचा? शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. गर्दी आली, वळण आले की तो आपोआप थांबतो. प्रसंगी 'अरे, फाटा आला' म्हणून सांगतोही. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही. समोरून ट्रक येत असतो आणि तो विचारत असतो, 'येताना मेथी आणतोस का?'

एस.टी.त चालकाशी बोलू नये अशा अर्थाची पाटी असायची, ती आठवत असेल. तरीही पुढच्या बाकावरचा एखादा म्हातारा चालकाशी दोन शब्द बोलायचाच. पण कोंडाईबारीचा घाट लागला की तोही गप्प व्हायचा. ते गप्प होणे पाटी वाचून आलेले नसे. समोरची दरी बघून आलेले असे. त्याच घाटात २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे सुरतेकडे निघालेली खासगी बस दरीत कोसळली आणि ५ माणसे गेली. त्या अपघाताचा फोनशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण हा रस्ता चूक पोटात घालणारा नाही, एवढे त्यावरून कळावे. आणि फोनवर असलेल्या घरच्या माणसाला मात्र घाट कुठे लागला, हे कळण्याची काही सोयच नाही.

एका घरची गोष्ट सांगतो. गाव, नाते, धंदा यांतले बरेच मी मुद्दाम बदलले आहे. त्याचे कारण पुढे लक्षात येईल. वस्तीतला एक मुलगा दिवाळीला मोटारसायकलने गावी निघाला. मार्केट बंद झाले की लाभपंचमीपर्यंत सुटी असते, म्हणून ही पोरे काम आटोपून रात्रीच निघतात. सोनगडच्या आसपास उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता, चकाकणारी पट्टीही नव्हती. मुलगा तिच्यावर जाऊन आदळला. पायात सळई घालावी लागली, तीन महिने अंथरुणात गेले. दवाखान्यात एका रात्री मी सोबतीला होतो. दोनच्या सुमारास तो म्हणाला, 'काका, फोन वाजला म्हणून खिशात हात घातला. नाव बघितलं. आई होती. वर बघितलं तर ट्रॉली.'

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, 'आईला सांगितलंय, कुत्रं आडवं आलं. तिचा फोन आला तेव्हा मी आधीच पडलेलो होतो. लोकांनी तो उचलला, म्हणून घरी कळलं.'

आज त्याची आई भेटेल त्याला सांगते, 'मी फोन केला म्हणून माझं लेकरू वाचलं.' तो शेजारी बसून मान हलवतो. तो किंचित लंगडत चालतो. बसून करायचे काम त्याने धरले आहे. त्याने आईला जे सांगितले ते खोटे आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी त्याला खरे बोल असे आजवर म्हटलेले नाही, पुढेही म्हणणार नाही. पण मुलगा गाडीवर असला की ती माउली आजही फोन करते. दुप्पट श्रद्धेने करते. हे मात्र ऐकवत नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो.

कायद्याचे म्हणाल, तर कायदा आहे. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. गाडी चालवताना हातातला फोन वापरणे तेव्हापासून धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात धरले गेले. पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. त्याच महिन्यात गुजरात सरकारने यांतले अनेक दंड आपल्या अधिकारात खाली आणले. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून लक्ष विचलित न होता फक्त रस्ता पाहण्यासाठी फोन वापरण्याची मोकळीक मिळाली. पण कायद्याला दिसतो तो हात. कानातली गुंडी आणि उडालेले चित्त चौकातल्या पोलिसाला कसे दिसणार? २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेची गाडी आगगाडीखाली आली आणि १३ मुले दगावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे तेव्हा त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. दोन्ही हात स्टिअरिंगवर असले, तरी आगगाडीची शिट्टी ऐकायला कान मोकळे नसतात.

केंद्र सरकारच्या अहवालात २०२१ या एका वर्षात फोन वापरल्यामुळे झालेले १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू नोंदले आहेत. त्या वर्षी देशात रस्त्यांवर एकूण १,५३,९७२ माणसे मेली, हे पाहता हा आकडा लहान वाटेल. पण ही नोंद होते कशी? अपघातानंतर फोन कुठेतरी गटारात पडलेला असतो आणि वाचलेला माणूस 'कुत्रं आडवं आलं' असे सांगतो. वर सांगितलेल्या घरचा अपघातही या रकान्यात चढलेला नसणार.

म्हणून मला वाटते, याचा बंदोबस्त चौकात होण्याआधी घरात व्हायला हवा. तो फार अवघडही नाही. निघणाऱ्याने निघण्यापूर्वीच थांबे सांगून ठेवावेत: व्याऱ्याला चहा घेईन, नवापूरला पाय मोकळे करीन, साक्रीला पेट्रोल भरीन. गाडी बाजूला लावून फोन तिथूनच तो करील. मधल्या वेळात घरून कोणी करायचा नाही. मागे कोणी बसले असेल तर फोन त्याच्याकडे द्यावा; त्याला रस्ता दिसतो. एकटा असेल तर फोन आवाज बंद करून पिशवीत जावा, शर्टाच्या खिशात नको. 'गाडी चालवत आहे, नंतर फोन करतो' असे उत्तर फोन आपण होऊन पाठवील, अशी सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर तो दोन मिनिटांत करून देतो. आणि चुकून फोन लागलाच, पलीकडून वारा आणि भोंगे ऐकू आले, तर 'कुठवर आलास' विचारायचे नाही. 'गाडीवर आहेस? ठेव,' एवढेच म्हणायचे आणि आपणच ठेवायचा. मेथी उद्या आणता येईल.

दुकानातल्या मालकांनाही हे सांगायला हवे. डिलिव्हरीला निघालेल्या पोराला 'माल पोहोचला का?' म्हणून दर दहा मिनिटांनी विचारणारा शेठ काही त्याचा वैरी नसतो. पण फोन उचलला नाही तर नोकरीवर येईल असे पोराला वाटते, म्हणून तो उचलतो. 'गाडीवर असशील तेव्हा माझा फोन घेतला नाहीस तरी चालेल' हे एक वाक्य शेठने बोलून ठेवावे. त्याला काही खर्च नाही.

आपल्या भाषेत थांबून राहण्याला 'वाट पाहणे' म्हणतात. गुजरातीतही 'वाट जोवी' असेच म्हणतात. दोन्हीकडे वाट म्हणजे रस्ताच. फाट्याला पाटिया म्हणणारे आणि पाटियाला फाटा म्हणणारे आपण या शब्दावर मात्र एक झालो. ज्यांनी हा शब्द घडवला ती माणसे अंगणात उभी राहून खरोखर रस्त्याकडे बघत असतील. घरच्याने अशी वाट पाहावी आणि निघालेल्याने आपली वाट पाहून गाडी चालवावी, इतकेच मागणे आहे. या दिवाळीत तुमच्या घरचे कोणी रस्त्यावर असेल, तर उंबऱ्याशी पणती लावून ठेवा आणि फोन थोडा वेळ कपाटात राहू द्या. तो येईल तेव्हा त्याला जेवलास का ते विचारा.